नव्या साधनांच्या याद्या आणि त्या ठेवणारी माणसं

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींना वाटलं असेल, की शेवटी दहा-वीस नव्या एआय साधनांची नावं लिहून घ्यायला मिळतील. तशी यादी आज आपण करणार नाही. या व्याख्यानाचं लिखित रूप तुमच्यापर्यंत येईल तेव्हा त्यातली काही नावं बदललेली असतील आणि काही साधनं बंदही पडलेली असतील. म्हणून आज आपण याद्यांचाच इतिहास बघणार आहोत.

नवं काय आलं, ते कुठे सापडेल आणि त्यातल्या कशावर विसंबायचं, या तीन प्रश्नांनी आज शिक्षक, पत्रकार, वकील, दुकानदार असे सगळेच त्रासले आहेत. आपल्याला वाटतं, हा त्रास ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं तेव्हापासूनचा. खरं तर छापखाना आला तेव्हापासून माणसं हेच विचारत आली आहेत. त्यांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरं म्हणजेच याद्या, सूच्या, कोश. प्रत्येक यादीला आपण आज तीन गोष्टी विचारू. ती कोणी ठेवली? तिच्यात कोणते रकाने होते? आणि ती चालू ठेवण्याचे कष्ट आणि खर्च कोणी उचलला?

सुरुवात झुरिकपासून करू. कॉनराड गेस्नर हा तिथला वैद्य आणि निसर्गाचा अभ्यासक. युरोपात टाइपची छपाई सुरू होऊन शंभरेक वर्षं झाली होती आणि कोणते ग्रंथ निघाले आहेत हे एका माणसाला समजणं अशक्य झालं होतं. १५४५ मध्ये गेस्नरने एक प्रचंड ग्रंथसूची छापली. तिचं नाव 'बिब्लिओथेका युनिव्हर्सालिस', म्हणजे विश्वग्रंथालय. चांगलं-वाईट निवडायचं नाही, जे आहे ते नोंदवायचं, निवड वाचक करील, अशी त्याची भूमिका. पुढच्या काही वर्षांत त्याने विषयवार मांडणीही दिली. त्यासाठी नोंदी लिहायच्या, त्यांच्या चिठ्ठ्या कापायच्या आणि हव्या त्या क्रमाने लावायच्या, ही युक्ती त्याने लिहून ठेवली आहे.

पण हे 'विश्व' केवढं होतं? लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू. बस्स. गेस्नर स्वतः जर्मन बोलणाऱ्या गावात राहत होता, तरी जर्मन, फ्रेंच, इटालियन पुस्तकं त्याच्या विश्वात नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे. यादी स्वतःला सर्वव्यापी म्हणवते तेव्हा सर्वात आधी विचारावं, यातून कोणाची भाषा बाहेर राहिली?

आता आपल्याकडे येऊ. १८६७ मध्ये ब्रिटिश सरकारने छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. सत्तावन्नच्या उठावाला दहा वर्षं झाली होती. देशी भाषांत काय छापलं जातं यावर सरकारला नजर ठेवायची होती. मुद्रकाने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्यायच्या आणि सरकारने दर तिमाहीला त्यांची यादी राजपत्रात छापायची. हेतू पाळतीचा होता खरा, पण या यादीचे रकाने बघा. पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक किंवा भाषांतरकार, विषय, छपाईचं ठिकाण, मुद्रक आणि प्रकाशक, तारीख, पानं, आकार, आवृत्ती, किती प्रती काढल्या, टाइपची छपाई की शिळाछाप, किंमत काय आणि हक्क कोणाकडे. एवढं सगळं! आज एखादं एआय साधन तुमच्यासमोर येतं तेव्हा ते कोणी केलं, कोणत्या तारखेची आवृत्ती आहे, आपण दिलेल्या मजकुराचे हक्क कोणाकडे जातात, हे किती वेळा सांगितलेलं असतं? दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची वही या बाबतीत आजच्या अनेक याद्यांपेक्षा पुढे होती, असं म्हणायला हरकत नाही.

सरकारने पाळतीसाठी जे केलं, ते शंकर गणेश दाते यांनी मराठीवरच्या प्रेमापोटी केलं. त्यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची विषयवार नोंद देते. दुसरा भाग १९५० पर्यंत येतो. पुढे दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांच्यासह त्यांनी मराठी नियतकालिकांची सूचीही केली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने तिला आधार दिला. एकोणिसाव्या शतकातल्या मराठीवर काम करणारा अभ्यासक आजही दात्यांच्या सूचीपासून सुरुवात करतो. कल्पना करा, ग्रंथालयांमधून हिंडायचं, पुस्तक हातात घ्यायचं, नोंद उतरवायची आणि हे वर्षानुवर्षं. या कामाला टाळ्या पडत नाहीत. पण ते झालं नसतं तर शेकडो पुस्तकं असून नसल्यासारखी झाली असती.

'असून नसणं' म्हणजे काय, याचं विज्ञानातलं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ग्रेगोर मेंडेल. वाटाण्यावरच्या प्रयोगांतून त्याने आनुवंशिकतेचे नियम काढले, १८६५ मध्ये ब्रनो इथे वाचले आणि १८६६ मध्ये ते छापूनही आले. पण जगाने त्याची खरी दखल घेतली १९०० मध्ये. मधली चौतीस वर्षं ते काम कपाटात पडून होतं, असं आपण समजतो. गंमत अशी की १८८१ मध्ये फोके नावाच्या जर्मन अभ्यासकाने वनस्पतींच्या संकरांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात मेंडेलचा उल्लेख आहे. म्हणजे नाव यादीत होतं! नव्हतं ते एवढंच, की या नोंदीचं महत्त्व काय, ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे. नुसती नावं गोळा करून भागत नाही, हे मेंडेलच्या गोष्टीवरून आपण शिकायचं.

हे ओळखून विसाव्या शतकात सारांशांची नियतकालिकं वाढली. अमेरिकन केमिकल सोसायटीने १९०७ मध्ये 'केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स' सुरू केलं. जगभरातले रसायनशास्त्रज्ञ जवळजवळ स्वयंसेवेने शोधनिबंध वाचून त्यांचा सारांश लिहून पाठवत. इथे नोंदीबरोबर 'यात काय आहे' हेही आलं. हजारो माणसांनी मिळून केलेलं हे वाचन होतं.

यादी ठेवणाऱ्याच्या सचोटीचा प्रश्नही याच काळात उभा राहिला. गणितातल्या नव्या कामाचे सारांश देणारं 'त्सेंट्रालब्लाट' हे जर्मन नियतकालिक १९३१ मध्ये निघालं, संपादक ऑटो न्यॉयगेबाउअर. १९३८ मध्ये संपादक मंडळातून तुल्लिओ लेव्ही-चिविटा या इटालियन ज्यू गणितज्ञाचं नाव काढून टाकण्यात आलं. न्यॉयगेबाउअरने राजीनामा दिला आणि तो अमेरिकेत गेला. १९४० पासून तिथे 'मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज' सुरू झालं. गणित तेच, निबंधही तेच. पण यादीवर कोणाची सावली आहे याने एवढा फरक पडला, की जगाला दुसरी यादी काढावी लागली. एखादी कंपनी स्वतःच्याच साधनाला 'सर्वोत्तम' म्हणते, किंवा यादीतला वरचा क्रमांक पैसे घेऊन दिला जातो, तेव्हा हा प्रसंग आठवावा.

पुढे यूजीन गारफिल्ड. नव्या नियतकालिकांची अनुक्रमणिकेची पानंच एकत्र छापून त्यांनी शास्त्रज्ञांना पुरवली. ग्रंथालयात तो अंक आला की भारतातले संशोधक हव्या त्या निबंधाची प्रत मागणारं कार्ड लेखकाला पाठवत. मग १९६४ मध्ये गारफिल्ड यांनी विज्ञानातली उद्धरणसूची काढली. कोणत्या कामाचा पुढे कोणी उपयोग केला, हे तिच्यात दिसतं. कल्पना साधी, पण मोठी. एखाद्या गोष्टीची पारख तिच्या जाहिरातीवरून न करता, ती वापरून पुढे कोणी काय उभं केलं यावरून करायची.

आता संगणकाकडे वळू. पुस्तक आणि निबंध वाचायचे असतात, सॉफ्टवेअर चालवायचं असतं. त्यामुळे यादीचं काम बदललं. १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत 'नेटलिब' सुरू झालं. गणिती आकडेमोडीचे तपासलेले प्रोग्रॅम एका जागी ठेवायचे आणि ईमेलने मागेल त्याला पाठवायचे. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत यंत्रशिक्षणासाठी लागणारे विदासंच एकत्र ठेवायला सुरुवात झाली, ते भांडार आजही चालू आहे. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अ‍ॅलामॉसमध्ये 'आर्काइव्ह' सुरू केलं. हेतू असा, की भौतिकशास्त्रातले निबंध छापून येण्याआधीच सगळ्यांना वाचता यावेत. एआयमधले अनेक नवे निबंध आज सर्वात आधी तिथेच दिसतात. ज्या रचनेवर आजचे भाषा-प्रारूप उभे आहेत, तो 'ट्रान्सफॉर्मर'चा निबंध २०१७ च्या जूनमध्ये तिथे आला. परिषदेत तो मांडला गेला डिसेंबरमध्ये.

याच काळात माणसांनी हातांनी लावलेल्या इंटरनेटच्या सूच्याही आल्या. १९९४ ची याहूची विषयवार सूची, १९९८ पासूनची स्वयंसेवकांची 'डीमॉझ'. पहिली २०१४ च्या अखेरीस बंद झाली, दुसरी २०१७ मध्ये. का? कारण सोपं आहे. पानं वाढत गेली आणि माणसं तेवढीच राहिली. यादी वाढवताना सगळ्यांना हुरूप असतो. मेलेल्या नोंदी काढायला मात्र कोणी पुढे येत नाही. ग्रंथपाल याला छाटणी म्हणतात. छाटणी थांबली की बागेचं रान होतं.

एआयमध्ये हीच गोष्ट फार वेगाने पुन्हा घडली. २०१८ मध्ये 'पेपर्स विथ कोड' आलं. निबंध कोणता, त्याचा प्रोग्रॅम कुठे आहे, ठरलेल्या कसोटीवर त्याला किती गुण मिळाले, अशी कोष्टकं तिथे लावलेली असत. संशोधकांची ती सवयच झाली होती. २०१९ च्या अखेरीस ते फेसबुककडे, म्हणजे आजच्या मेटाकडे गेलं. आणि २०२५ च्या जुलैमध्ये ते बंद झालं. सात वर्षं! दात्यांची सूची ग्रंथालयाच्या कपाटात आजही उघडता येते. इथे मात्र हजारो लोकांची रोजची वाट एका निर्णयाने बंद झाली. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व इथे कळतं. खर्च कोण करतं, आणि उद्या त्याने हात काढून घेतला तर?

दुसरी अडचण कसोट्यांची. २०१८ मध्ये 'ग्लू' नावाची इंग्रजीतल्या नऊ कामांची कसोटी आली. वर्ष-सव्वा वर्षात प्रारूपांनी त्यात माणसासाठी ठरवलेली पातळी ओलांडली आणि २०१९ मध्येच 'सुपरग्लू' आणावी लागली. प्रारूपांना माणसाइतकी भाषा समजू लागली, असा याचा अर्थ नव्हे. मोजपट्टी लवकर आखूड पडली, एवढाच. कोष्टकात पहिला आलेला तुमच्या कामातही पहिला येईलच, असं नसतं. परीक्षेत पहिला आलेला मुलगा दुकान चांगलं चालवतोच असं कुठे आहे?

या गर्दीत दोन चांगल्या गोष्टीही घडल्या. मार्गारेट मिचेल, टिमनिट गेब्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८-१९ मध्ये 'मॉडेल कार्ड'ची कल्पना मांडली. प्रत्येक प्रारूपाबरोबर एक छोटं टिपण असावं. ते कशासाठी केलं, कशासाठी वापरू नये, कोणत्या विदेवर शिकवलं, कोणत्या लोकसमूहांसाठी कसं चालतं, हे त्यात लिहावं. पुन्हा रकानेच आले बघा, १८६७ सारखे. फरक एवढा, की हे पाळतीसाठी नसून वापरणाऱ्यासाठी आहेत. दुसरी गोष्ट, २०२० मध्ये एआयच्या अपघातांची नोंदवही सार्वजनिक झाली. विमानाच्या अपघातांची नोंद होते, त्यातून पुढची उड्डाणं सुरक्षित होतात. तसंच इथे कोणत्या साधनाने कुठे नुकसान केलं, हे लिहून ठेवायचं.

मात्र लिहायला रकाना आहे म्हणून तो भरला जातोच असं नाही. 'हगिंग फेस' हे प्रारूपांचं सर्वात मोठं सार्वजनिक भांडार. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या प्रारूपांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. दररोज शंभर प्रारूपं नीट तपासायची म्हटली, तरी दहा लाखांना सत्तावीस वर्षं लागतील. म्हणजे गेस्नरचा मार्ग, सगळं नोंदवा आणि निवड वाचकावर सोडा, आता एकट्या वाचकाला झेपणारा राहिलेला नाही.

आणि इथे आपण गेस्नरच्या त्या तीन भाषांकडे परत येतो. मराठीचं काय? २०१८ मध्ये गुगलने बर्ट या प्रारूपाची बहुभाषी आवृत्ती काढली, तिच्या १०४ भाषांत मराठी होती. नाव यादीत आलं. पण मेंडेलही फोकेच्या ग्रंथात होता! यादीत असणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं. त्यानंतर पुण्याच्या 'एलथ्रीक्यूब' गटाने त्याच बहुभाषी प्रारूपाला मराठी मजकुरावर पुढे शिकवून केलेलं 'महाबर्ट' २०२२ मध्ये खुलं केलं. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधल्या 'एआयफॉरभारत'ने २०२३ मध्ये आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांसाठी भाषांतराचं प्रारूप दिलं. भारतीय भाषांसाठीच्या विदासंचांची आणि साधनांची एक वेगळी सूचीही त्यांनी ठेवली आहे. केंद्र सरकारची 'भाषिणी' २०२२ पासून आहे. हे सगळं झालं, कारण कोणीतरी मराठीसाठी वेगळा रकाना आखला.

पण जगभर फिरणाऱ्या 'टॉप टेन' याद्यांत हा रकाना नसतो. 'शंभर भाषा चालतात' एवढंच लिहिलेलं असतं. यात नुकसान कोणाचं, तर वापरणाऱ्याचं. तलाठी कार्यालयातला एखादा कागद यंत्राकडून इंग्रजीत करून घेतला आणि त्याने 'पावणेदोनशे'चे २२५ केले, तर? 'सातबाराचा उतारा', 'गाडी उतारावर लागली' आणि 'विषावर उतारा' या तिन्हींत त्याला एकच उतारा दिसला, तर? ही चूक कोणत्या कोष्टकात येणार? ती फक्त मराठी वापरणाऱ्यालाच दिसते. त्यामुळे ती नोंदवण्याचं कामही आपल्यालाच करावं लागणार.

म्हणून शेवटी थोडं व्यवहाराचं. नव्या साधनांचा माग ठेवायचा तर सगळं बघायची धडपड सोडावी. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. तोच इथे लावायचा. एक साधी वही घ्या, कागदाची किंवा संगणकावरची. पहिला रकाना आपल्या कामाचा: जुन्या पत्रांचं टंकन, बैठकीचं इतिवृत्त, प्रश्नपत्रिका, जे असेल ते. साधनाचं नाव दुसऱ्या रकान्यात, कारण काम टिकतं आणि नावं बदलतात. तिसऱ्यात तपासल्याची तारीख आणि आवृत्ती, कारण मार्चमधलं साधन ऑगस्टमध्ये तेच राहत नाही. चौथ्यात ते कोणाचं आहे, पैसे किती आणि आपण दिलेला मजकूर कुठे जातो. पाचव्यात आपल्या मराठी परीक्षेचा निकाल. ही परीक्षा आपणच तयार करायची. आपल्या कामातली वीस वाक्यं निवडा, त्यांत सव्वा-दीड-अडीच असू द्या, बोलीतले शब्द असू द्या, गावांची नावं असू द्या. ती बदलू नका. दर वेळी तीच वीस वाक्यं. आणि सहावा रकाना: 'सोडलं', का सोडलं ते लिहून. हा रकाना रिकामा असेल तर समजा, आपली वही नसून जाहिरातींचं कात्रण झालं आहे.

किती वेळा बघायचं? रोज नको. महिन्यातून एक दिवस ठरवा. जे खरंच उपयोगी आहे ते महिनाभराने नाहीसं होत नाही, आणि जे महिनाभरात नाहीसं होतं ते न पाहिल्याने फारसं बिघडत नाही. बातमी मूळ जागी वाचा: निबंध, मॉडेल कार्ड, करणाऱ्यांचं स्वतःचं टिपण. मग दुसऱ्या कोणी ते वापरून काय केलं, हे शोधा. गारफिल्डची पद्धत ती हीच.

आणखी एक. ही वही एकट्याने ठेवू नका. एका शाळेतले चार शिक्षक, एका तालुक्यातली दोन वाचनालयं, एका वृत्तपत्राची संपादकीय खोली, यांनी एकच वही ठेवली तर कष्ट वाटले जातात, आणि एकाने सोडलं तरी ती चालू राहते. तिची छापील प्रतही असू द्या. महाराष्ट्रात हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत. नवं पुस्तक आलं की फळ्यावर नाव लिहायची त्यांची जुनी रीत आहे. त्याच फळ्यावर, 'या महिन्यात आम्ही हे साधन मराठीत तपासलं, इथे चाललं, इथे चुकलं', असं लिहायला काय हरकत आहे?

गेस्नरने तीन भाषांचं विश्व मांडलं. मराठीची यादी करायला त्यानंतर चारशे वर्षांनी दाते उभे राहिले. एआयच्या बाबतीत आपल्याकडे चारशे वर्षं नाहीत. मराठीचा रकाना आता भरायचा आहे आणि तो बाहेरून कोणी येऊन भरणार नाही. पुढच्या वेळी भेटू तेव्हा आपल्यापैकी काहींच्या वहीत निदान दहा नोंदी असाव्यात, आणि त्यातल्या चार 'सोडलं' या रकान्यात. तिथून चर्चा सुरू करू. आता प्रश्न विचारा.